जुन्या ओम्नी कॅम्परचं इंजिन हवा कुठून ओढतंय, हे शोधायचं कसं

माझी ओम्नी १९९६ सालची, कार्बोरेटरवाली. मागची सीट काढून प्लायवूडचा पलंग टाकला, पलंगाखाली डब्यांचे कप्पे केले, एक छोटी शेगडी ठेवली आणि झाला माझा कॅम्पर. पहिल्याच पावसाळ्यात गाडी सिग्नलला बंद पडायला लागली. बेळगावच्या चन्नम्मा चौकात मागे बसचा हॉर्न, शेजारी रिक्षावाल्याचा सल्ला आणि मी चोक ओढून स्टार्टर मारतोय, हे रोजचं झालं.

चार महिन्यांत तीन गॅरेजं झाली. कार्बोरेटर दोनदा धुतला. प्लग, प्लगच्या वायरी, कॉइल सगळं नवं घातलं. दर वेळी मेकॅनिक स्लोचा (ॲक्सिलरेटरला पाय न लावता इंजिन ज्या मंद गतीने चालतं तिचा) स्क्रू थोडा आवळायचा, गाडी दोन दिवस बरी चालायची आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. शेवटी उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीतल्या एका म्हाताऱ्या फिटर काकांनी पुढची सीट, जिच्याखाली ओम्नीचं इंजिन असतं, ती उचलून नुसता कान दिला आणि म्हणाले, "गाळी एळीतैती." हवा ओढतेय. पूर्वीच्या मालकाने गॅस किट काढून टाकलं होतं, पण किटच्या रिड्यूसरकडे (गॅसचा दाब कमी करणाऱ्या भागाकडे) जाणाऱ्या नळीचा टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड, तसाच मॅनिफोल्डवर (कार्बोरेटरकडून सिलिंडरांकडे मिश्रण नेणाऱ्या नळकांड्यावर) ठेवून त्याच्या तोंडात लाकडाचा स्क्रू पिळला होता. स्क्रूच्या आट्यांतून इंजिन आरामात श्वास घेत होतं.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चंदगड या पट्ट्यात जुनी ओम्नी घेऊन कॅम्पर करणारे आता बरेच दिसतात. ओम्नी १९८४ पासून २०१९ पर्यंत बनत होती, त्यामुळे बाजारात गाड्यांना तोटा नाही. पण ज्या गाडीवर पाच मालकांचे हात फिरले, तिच्या नळ्याही पाच प्रकारे जोडलेल्या असतात. म्हणून मी ज्या क्रमाने शोधायला शिकलो तो क्रम इथे देतो. एकच अट: गळती नाही याची खात्री होईपर्यंत कार्बोरेटरच्या एकाही स्क्रूला हात लावायचा नाही. माझे चार महिने गेले ते नेमके त्या स्क्रूंपायी.

## १. आधी आजार समजून घ्या

शहाळ्याच्या नळीला मध्येच चीर असली तर कितीही ओढा, तोंडात पाणी कमी आणि हवा जास्त येते. इंजिनचं तसंच आहे. गाडी स्लोला उभी असते तेव्हा थ्रॉटलची (ॲक्सिलरेटरने उघडणारी) झडप जवळपास बंद असते आणि पिस्टन मात्र ओढत असतात. म्हणून मॅनिफोल्डमध्ये बाहेरच्यापेक्षा दाब खूप कमी असतो. तिथे कुठेही फट पडली की कार्बोरेटरला न विचारता हवा आत शिरते. पेट्रोल तेवढंच, हवा जास्त, त्यामुळे मिश्रण पातळ होतं.

खुणा अशा:

- स्लोला इंजिन वर-खाली होतं, मिसिंग करतं (एखाद्या सिलिंडरमध्ये मध्येच स्फोट होत नाही) किंवा बंद पडतं. रेस केल्यावर मात्र ठीक चालतं. झडप उघडली की फटीतून येणाऱ्या हवेचा वाटा नगण्य होतो, म्हणून हायवेला गाडी शहाण्यासारखी वागते.
- सीटखालून शिट्टी किंवा 'स्स्स' असा आवाज येतो.
- कार्बोरेटरच्या तोंडातून फटका येतो.
- ब्रेक बूस्टर (इंजिनच्या ओढीवर ब्रेक हलका करणारा डबा) असेल तर पेडल दगडासारखं लागतं.

ओम्नीचं ७९६ सीसीचं इंजिन तीन सिलिंडरचं आहे. ते स्लोला थोडं थरथरतंच. चार सिलिंडरच्या गाडीवरून आलेल्या माणसाला तोच आजार वाटतो. आरशातलं चित्र हलतंय म्हणून लगेच पाना हातात घेऊ नका.

## २. कागद आणि सामान गोळा करा

कागद आधी, कारण त्यांतून फुकटात बरंच कळतं.

आरसी. इंधनाच्या रकान्यात पेट्रोलबरोबर एलपीजी लिहिलेलं असेल आणि गाडीत किट नसेल, तर मॅनिफोल्डवर कुठेतरी उघडं किंवा कसंतरी बुजवलेलं तोंड असणार असं धरून चाला. किट काढल्याची नोंद आरसीवर करून घ्यावी लागते. मूळ रचनेतला बदल आरटीओच्या मंजुरीशिवाय करता येत नाही, मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ तेच सांगतं. सीटा काढून पलंग टाकणाऱ्यांनी हे दोनदा वाचावं. गाडी एमएच-०९ (कोल्हापूर) ची असून ती कायमची केए-२२ (बेळगाव) च्या हद्दीत ठेवणार असाल, तर बारा महिन्यांच्या पुढे नंबर बदलण्याचा विषय येतो, तेही लक्षात असू द्या.

एमिशनची चिठ्ठी. कोल्हापूरला हिला पीयूसी म्हणतात. तिच्यावरचे सीओ (कार्बन मोनॉक्साइड) आणि एचसी (न जळलेलं इंधन) हे दोन आकडे बघा. सीओ खूप कमी आणि एचसी भरपूर वाढलेला असेल तर मिश्रण पातळ होऊन मिसिंग होतंय, न जळलेलं पेट्रोल बाहेर पडतंय असा संशय घ्यायला जागा आहे. सीओच जास्त असेल तर एक तर गळती नाही, नाहीतर कुणीतरी गळती झाकायला स्क्रू पिळून पेट्रोल वाढवून ठेवलंय. माझ्या चिठ्ठीवर सीओ जास्त होता. त्यावरून मी गळतीची शक्यताच सोडून दिली आणि एक महिना घालवला.

सामान: व्हॅक्यूम गेज (मॅनिफोल्डमधली ओढ मोजणारा काटा) आणि त्याला दोन-अडीच मीटर नळी, टोकदार पक्कड, निपलवर (नळी अडकवायच्या तोंडावर) बसणाऱ्या रबरी टोप्या, कानाला लावायला मीटरभर रबरी नळी, टॉर्च, पाण्याची फवारणीची बाटली, कार्ब क्लीनरचा स्प्रे, फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या), जाड हातमोजे आणि अग्निशामक. शेवटचं ऐच्छिक नाही. ओम्नीचं इंजिन पुढच्या सीटखाली आहे, म्हणजे तुम्ही स्प्रे मारता तो घरातच मारता.

कामाला हात घालण्याआधी शेगडीचा सिलिंडर गाडीतून उतरवून लांब ठेवा, सगळी दारं उघडा, गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, चाकांना दगड.

## ३. चोक ओढून बघा

ही चाचणी अर्ध्या मिनिटाची आणि बिनखर्चाची. इंजिन पूर्ण गरम करा, स्लोला सोडा आणि चोक, म्हणजे कार्बोरेटरची हवा अडवणारी झडप, हळूहळू ओढा. धड चालणारं गरम इंजिन चोक ओढल्यावर गुदमरतं. तुमचं इंजिन उलट सुधारलं, मिसिंग थांबलं, तर त्याला हवा जास्त किंवा पेट्रोल कमी मिळतंय.

पेट्रोल कमी मिळण्याचंही कारण असू शकतं: स्लोचा जेट (पेट्रोल येण्याचं बारीक भोक) चोकअप, फिल्टर घाण, टाकीत पाणी. आणि २०२३ पासून पंपावर येऊ लागलेलं २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल. इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, म्हणजे त्याच जेटमधून गेलेलं मिश्रण जुन्या कार्बोरेटरला थोडं पातळच पडतं. शिवाय जुनं रबर त्याने बिघडतं. आपल्याच जिल्ह्यातल्या उसाचं इथेनॉल आपल्याच नळ्या खातंय, पण काय करणार, ऊसही आपला आणि नळ्याही आपल्या.

प्लग काढून बघा. तिन्ही पांढरट असतील तर हवा सगळ्यांना सारखी जाते, म्हणजे गळती कार्बोरेटरच्या बुडाशी किंवा एखाद्या मोठ्या नळीत. एकच पांढरा असेल तर त्या सिलिंडरकडचं मॅनिफोल्डचं पॅकिंग आधी तपासा.

## ४. गेज लावा, पण योग्य निपलला

नवख्या माणसाची पहिली चूक इथे होते. डिस्ट्रिब्यूटरच्या ॲडव्हान्सची (ठिणगीची वेळ पुढे सरकवणारी) नळी सहज हाताला येते, म्हणून गेज तिथेच लावलं जातं. ते निपल बहुतेक कार्बोरेटरमध्ये थ्रॉटलच्या झडपेच्या वर असतं आणि स्लोला तिथे ओढ नसतेच. काटा शून्यावर बघून माणूस घाबरतो. गेज मॅनिफोल्डमधून निघणाऱ्या निपलला लावा. बोट ठेवल्यावर बोट ओढलं गेलं पाहिजे. ओढलं गेलं नाही तर आत काजळी साचली असेल, बारीक तारेने मोकळं करा.

आता आकडे. पुस्तकं आणि व्हिडिओ सांगतात, निरोगी इंजिनचा काटा स्लोला (पाऱ्याच्या) १७ ते २१ इंचांवर स्थिर हवा. हे समुद्रसपाटीचं गणित. बेळगाव साधारण ७५० मीटर उंचीवर आहे आणि दर ३०० मीटरला काटा सुमारे एक इंच खाली उतरतो. म्हणजे इथे अडीच इंच वजा करा. साडेचौदापासून साडेअठरापर्यंत काटा स्थिर असेल तर इंजिनला नावं ठेवू नका. चोर्ला घाट उतरून गोव्यात गेलात की तोच काटा अडीच इंच वर दिसेल, गाडी दुरुस्त झाली असं मानून घेऊ नका. गेजवर सेंटिमीटर असतील तर एक इंच म्हणजे २.५४ सेंटिमीटर.

काटा काय सांगतो:

- खाली, पण स्थिर: गळती किंवा इग्निशनचं टायमिंग मागे पडलेलं. फरक चोकने कळतो, चोकने काटा वर आला तर गळतीकडे वळा.
- ठरावीक ठेक्यात एकेक झटका खाली: एखादा व्हॉल्व्ह नीट बसत नाही किंवा एक प्लग काम करत नाही.
- भरभर थरथर: व्हॉल्व्हचे गाइड झिजलेत.
- रेस धरून ठेवल्यावर हळूहळू घसरतो: सायलेन्सर तुंबलाय.

पहिली ओळ सोडून बाकी काही दिसलं तर हा लेख बाजूला ठेवा आणि हेडवाल्याकडे जा.

## ५. घर वाटून घ्या

शंभर जागी नाक खुपसण्यापेक्षा आधी हे ठरवा की हवा नळ्यांतून जाते की इंजिनच्या अंगातून. इंजिन बंद करा. मॅनिफोल्डवरून निघणारी प्रत्येक नळी काढून त्या निपलवर रबरी टोपी बसवा. एका निपलवर गेज ठेवा. काढण्याआधी मोबाईलवर फोटो घ्या, नळ्यांना चिकटपट्टी लावून नंबर द्या. मी दिले नव्हते.

इंजिन सुरू करा. काटा वर आला? मग चोर नळ्यांत आहे. एकेक नळी परत जोडा. जी जोडल्यावर काटा पडेल ती धरा. काटा खालीच राहिला तर नळ्या निर्दोष, चोर कार्बोरेटरच्या बुडात, मॅनिफोल्डच्या पॅकिंगमध्ये किंवा थ्रॉटलच्या दांडीत.

नळ्या काढायच्या नसतील तर चालू इंजिनवर टोकदार पक्कडीने एकेक नळी हलकेच दाबा. दाबल्यावर आवाज बदलला तर पुढे शोधा. कडक झालेली नळी पक्कडीने फुटते, मग एका गळतीच्या दोन होतात.

ब्रेक बूस्टरची नळी तपासताना गाडी जागेवरच राहिली पाहिजे. ती चिमटून किंवा बुजवून गल्लीतही फेरी मारू नका. बूस्टरची वेगळी चाचणी आहे: इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा मारा, दाबून धरा, इंजिन सुरू करा. पेडल थोडं आत गेलं पाहिजे.

पीसीव्ही व्हॉल्व्ह (इंजिनच्या पोटातली वाफ मॅनिफोल्डमध्ये सोडणारी झडप) काढून हलवा, खडखडला पाहिजे. तो उघडा अडकला असेल तर ती गळतीच समजा.

## ६. चीर नेमकी कुठे

आधी कान. रबरी नळीचं एक टोक कानाला लावा, दुसरं जोडाजोडावर फिरवा. फॅन आणि बेल्टपासून दूर. सैल शर्ट, उपरणं, मफलर काहीही अंगावर नको.

मग पाणी. फवारणीच्या बाटलीने एकेका जोडावर थोडं पाणी मारा. फटीवर पडलं की शिट्टी क्षणभर बंद होते, गुळगुळ आवाज येतो, स्लो बदलतो. डिस्ट्रिब्यूटर आणि कॉइल प्लास्टिकच्या पिशवीने झाका, नाहीतर त्याचंच मिसिंग सुरू होईल आणि तुम्हाला वाटेल सापडलं.

पाण्याने भागलं नाही तरच कार्ब क्लीनर. तो पेट घेतो. बारीक नळीने एका जागी एक फुसकारा, पाच सेकंद थांबा, मग पुढची जागा. फटीतून आत गेलेला स्प्रे इंधनाचं काम करतो आणि इंजिन चढतं. सायलेन्सरच्या बाजूला मारायचा नाही. एक मेकॅनिक पेटती उदबत्ती जोडाजवळ धरून धूर कुठे ओढला जातो ते दाखवतो, मी डोळ्यांनी पाहिलंय. धूर दिसतो छान, पण पेट्रोलच्या नळ्यांशेजारी निखारा धरणाऱ्याच्या हातात माझी गाडी मी देणार नाही.

क्रम असा ठेवा: कार्बोरेटरच्या बुडाचं पॅकिंग आणि त्याखालचा जाड स्पेसर, मग मॅनिफोल्ड आणि हेड यांच्यामधला जोड, मग थ्रॉटलच्या दांडीची दोन्ही टोकं. दांडी बोटाने हलवून बघा. वर-खाली खेळत असेल तर भोक झिजलंय.

## ७. सीट बंद करून पुन्हा तपासा

हा टप्पा कोणत्याही पुस्तकात नाही, कारण पुस्तक लिहिणाऱ्यांनी माझ्यासारखा कॅम्पर केला नव्हता.

गॅस किटचा टी काढल्यावर गाडी निम्मी सुधारली. उरलेलं मिसिंग मात्र सीट खाली केली की यायचं आणि सीट उचलून बघायला गेलो की नाहीसं. दुखणाऱ्या दाताचंही असंच, डॉक्टरकडे पोचेपर्यंत दुखणं थांबतं. शेवटी गेजची लांब नळी सीटच्या कडेने बाहेर काढली, सीट नीट बसवली आणि काटा हातात घेऊन शेजारी बसलो. सीट बंद झाली की काटा तीन इंच खाली. इंजिनची गरमी पलंगाकडे येऊ नये म्हणून मीच सीटच्या खालच्या बाजूला जाड उष्णतारोधक चटई चिकटवली होती. ती एका नळीवर रेलत होती आणि नळी निपलपाशी वाकून तिची चीर उघडत होती.

कॅम्पर करताना आपण चटया लावतो, वायरी ओढतो, फ्रेम ठोकतो, पाण्याच्या टाकीचे पाइप त्याच खाचांतून नेतो. तेव्हा शेवटची तपासणी गाडी रस्त्यावर धावते त्याच अवस्थेत करा: सीट खाली, तुम्ही सीटवर, सामान भरलेलं.

## ८. दुरुस्ती

नळी बदलायची असेल तर जुना तुकडा दुकानात घेऊन जा आणि आतलं भोक जुळवा. साधी पातळ नळी ओढीने चपटी होते, जाड भिंतीची किंवा आत दोरा असलेली घ्या. एक कडक झाली असेल तर बाकीच्याही त्याच वयाच्या आहेत, सगळ्या एकदम बदला.

कार्बोरेटरच्या बुडाला सिलिकॉन फासू नका. पेट्रोलने ते फुगतं, तुकडे सुटतात आणि जेटमध्ये जाऊन बसतात. नवं पॅकिंग घाला. नट समोरासमोरचे, थोडे थोडे करत आवळा. ताकद लावून आवळल्यानेच बूड वाकतं. वाकलंय का ते बघायला सरळ पट्टी ठेवा, खालून ०.१ मिलिमीटरचं फीलर सरकत असेल तर बूड सपाट करून घ्या. थोडं असेल तर जाड काचेवर पॉलिश पेपर ठेवून घरी होतं. जास्त असेल किंवा थ्रॉटलच्या दांडीला बूश घालायचा असेल तर उद्यमबागेत जा. फाउंड्री आणि लेथच्या कामात या गावाने हयात घालवली आहे. काम काय हवंय ते मात्र तुम्हीच नेमकं सांगा. "गाडी बघा जरा" म्हणालात की पुन्हा स्क्रूला हात जाईल.

गाडी एमपीएफआय (कार्बोरेटरऐवजी इंजेक्टरवाली) असेल तर शोधायची रीत हीच, खुणा वेगळ्या. मॅप सेन्सरवाल्या (मॅनिफोल्डमधला दाब मोजणाऱ्या) गाडीत गळती झाली की संगणक जास्तीच्या हवेला पेट्रोलही जास्त देतो, त्यामुळे गाडी बंद पडण्याऐवजी स्लो चढलेला राहतो. तिथे इंजेक्टरच्या बुडाच्या रबरी रिंगा आणि थ्रॉटल बॉडीचं पॅकिंग जोडा यादीत.

## ९. आता स्क्रूला हात लावा

गळती बंद झाल्यावर स्लो एकदम चढेल किंवा गाडी काळा धूर टाकेल, कारण आधीच्या मेकॅनिकने स्क्रू गळतीच्या हिशेबाने लावले होते. इंजिन गरम, गेज लावलेलं. मिश्रणाचा स्क्रू पाव-पाव फेरा फिरवत काटा सगळ्यात वर जिथे स्थिर होतो तिथे थांबा, मग स्लो ९०० च्या आसपास आणा, मग पुन्हा मिश्रण. दोन-तीन फेऱ्यांत बसतं. त्यानंतर एमिशन करून घ्या आणि नवी चिठ्ठी जुनीच्या शेजारी ठेवून बघा. गाडी पंधरा वर्षांची झाली असेल तर आरसीच्या नूतनीकरणालाही चालू चिठ्ठी लागतेच.

चाचणीची फेरी मी जांबोटी-कणकुंबीपर्यंत घेतो. चढ आहे, वाकणं आहेत, पावसाळ्यात दमट हवा आहे आणि बंद पडली तर परत ओढून आणायला फार लांबही नाही. कणकुंबीला चहासाठी थांबा, इंजिन दहा मिनिटं गरमच उभं राहू द्या, मग चोक न ओढता सुरू करून दोन मिनिटं स्लोला ठेवा. पुढे चोर्ल्याच्या उताराला लागणार असाल तर बूस्टरची पेडल-चाचणी तिथेच करा. पेडल आत गेलं नाही तर गाडी तिथूनच जांबोटीकडे वळवा.